सुमनताईंचा खडू

मुलीची खोली नीटनेटकी राहावी म्हणून मी त्या खोलीला चक्क कुलूप घातलं होतं. हसा, हसा. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, आणि अक्कल विकत मिळाली असती तरी घेतली नसती, कारण आपल्याकडे भरपूर आहे असं मला वाटायचं. मीनल नऊ वर्षांची. दप्तर पलंगावर, मोजे पुस्तकांत, पुस्तकं पलंगाखाली. सांगून सांगून दमले, मग एका रविवारी सगळं घासूनपुसून लावलं, चादरीवर एक सुरकुती ठेवली नाही आणि किल्ली कमरेला खोचली. पोरगी बैठकीत गादी टाकून झोपायची. पाहुणे आले की मी कुलूप उघडून खोली दाखवायची आणि पुन्हा लावायची... पाचव्या दिवशी मीनल दप्तर उचलून आत्याकडे निघून गेली.

ती आत्या म्हणजे माझी मोठी नणंद, सुमनताई. परवा त्यांना जाऊन महिना झाला.

आम्ही तेव्हा वाडीत राहायचो, ताईंची भाड्याची खोली दोन गल्ल्या सोडून. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल लावायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. शाळा दुसरीपर्यंत, त्यामुळे गावांची नावं लिहिण्याऐवजी त्या खडूनं खुणा काढायच्या. अमरावतीच्या गठ्ठ्यावर छत्री, अकोल्याच्या पेटीवर मासा. हळूहळू हमालही त्याच खुणा पाहून माल उचलू लागले. कोणाला काही विचारावं लागायचं नाही.

मी मीनलला आणायला गेले, तर ती ताईंच्या डब्यांवर खडूनं चित्रं काढत बसलेली. वर पाहिलंसुद्धा नाही. ताई दारातूनच म्हणाल्या, "काहून वं शोभा, पोरीले न्यायले आली का किल्ली दाखवाले?"

"ताई, घरात शिस्त नको का?"

"हाय ना. चादरीले लय शिस्त हाय. पोरगी कुठी हाय?"

रिकाम्या हातानं परतले. दुसऱ्या दिवशी कुलूप काढून टाकलं, तरी मीनल येईना. मी रोज जायची, ती रोज मान हलवायची. ही पोरगी आता परत येतच नाही, असं वाटून एका दुपारी तिच्या त्या चकाचक खोलीत बसून मी रडले... आणि रडतानाही चादर चुरगळू नये म्हणून फरशीवर बसले होते!

नवव्या दिवशी मीनल आपणहून आली. हातात खडू. आल्या आल्या कपाटाच्या फळ्यांवर चित्रं काढायला लागली. इथं बाहुली, इथं वही, इथं मोजा. मला म्हणाली, "जिथं चित्र तिथं वस्तू. आणि तू हात नाही लावायचा." माझ्या नव्याकोऱ्या कपाटाचं वाटोळं! पण दात-ओठ खात हात मागे बांधून उभी राहिले. खोली पाहुण्यांना दाखवण्यासारखी पुन्हा कधीच झाली नाही, मात्र शाळेच्या वेळचा "माझा मोजा कुठं?" हा आरडाओरडा थांबला. ताई रविवारी यायच्या, मीनलचे डोळे ओढणीनं बांधायच्या आणि म्हणायच्या, "चाल, कंपास काढून दाखव." पोरगी बरोब्बर काढायची. मग ताई माझ्याकडे वळायच्या, "आता तू ये वं." मी स्वयंपाकघरात पळायची.

ताई गेल्याचा फोन त्यांच्या घरमालकानं सकाळीच केला. मीनल मिहान उद्योगनगरीतल्या ऑफिसातून थेट आली. आठवड्यानं घरमालक म्हणाला, टेम्पो बोलावतो, तासाभरात खोली रिकामी. "नाही," मी म्हटलं. "एकेक वस्तू आमच्या हातानं निघेल आणि जिच्या कामाची तिच्याच घरी जाईल. चार दिवस लागले तर लागले." लागले पाच. पण एक डबाही मी कोणाला फेकू दिला नाही. शेवटच्या दिवशी आम्ही मायलेकी त्या रिकाम्या खोलीत चहा घेत बसलो होतो. मी आपली नेहमीची फुशारकी मारली, "तेव्हा माझ्या हातचा वडाभात आठवला, म्हणूनच परत आली होतीस तू."

मीनलनं कप खाली ठेवला आणि इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग म्हणाली, "वडाभात कुठला, आई! मी येणारच नव्हते. आत्यानंच धाडलं मला. म्हणाली, ‘तुह्या मायले पोरीची खोली ठेवता येत नाही. तिले कोणी शिकवलंच नाही. तू जाय, शिकव तिले. पण तिच्यावर ओरडू नको, हळूहळू शिकते ते.’"