आक्काच्या गेमची तार

माझी आक्का सोशिक नव्हती.

सकाळपासून घरच्या ग्रुपवर तेच चाललं आहे. सोशिक, मायाळू, देवमाणूस. हार घातलेला फोटो, खाली जोडलेले हात. आज तिला जाऊन वर्ष झालं.

माझ्या या थोरल्या बहिणीला टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळायला आवडायचं. विमानं पाडायचा गेम.

हे त्यांच्यातलं कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

भाऊजी गेल्यावर आक्काच्या लोहारा गावच्या घरात भिंतीवरचा नवा टीव्ही आला. जुना डबा टीव्ही आक्काच्या खोलीत गेला. केबल नाही, काही नाही. सून त्यावर धुतलेल्या चादरी ठेवायची.

एक दिवस आक्काचा फोन.

"कमे, गणेशचा लहानपणीचा गेम सापडलाय माळ्यावर. ह्याच्या लाल-पिवळ्या पिना कुठं घालायच्या गं? टीव्हीला तर भोकंच न्हाईत."

गणेश म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. मी बीएस्सी, फिजिक्स. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. नळदुर्गहून जीप धरून गेले.

टीव्ही इतका जुना की मागे फक्त अँटेनाचं भोक. गेमच्या खोक्यात एक काळी तारही होती, ती तिथं बसत होती. बसवली. कॅसेट फुंकून घातली. स्क्रीनवर नुसत्या मुंग्या.

मी सगळी चॅनेलं बदलून पाहिली. मुंग्याच.

"सर बाजूला, बीएस्सी," आक्का म्हणाली.

टीव्हीच्या पुढच्या बारक्या झाकणाआड दाणेदार चाकं होती, पूर्वी चॅनेल लावायला फिरवायचो ती. त्यातलं एक ती नखानं इतकं हळू फिरवत होती की हलतंय की नाही कळेना. मुंग्यांत आडव्या रेघा आल्या. मग आवाज. मग निळं आकाश आणि त्यात एक विमान.

"यायलंय बघ! तुला कॉलेजात काय शिकवलं गं?"

आमच्या वडिलांनी दोघींपैकी एकीलाच कॉलेजात घातलं. आक्काला मॅट्रिक होताच उजवलं.

दोघी हसलो. मी जरा कमी हसले.

मग रोज दुपारी, भांडी झाली की तासभर. दार लोटून. एरवी शेजारच्या खोलीत ऐकू येणार नाही असं बोलणारी बाई विमान पाडताना ओरडायची, "पड मुडद्या! कुठं पळतूस?"

मला फोनवर सांगायची, "आज तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेले. तिथला लई हरामी हाय."

मग नातीला बघायला पाहुणे आले. ठरलेल्या वेळेच्या आधीच आले. बैठकीत पोहे, आणि आतून "पड मुडद्या!"

पाहुण्यांनी विचारलं, आत कोण आहे?

गणेश म्हणाला, "आई आहे. वयामुळं होतं जरा असं."

दुसऱ्या दिवशी तार गायब.

"गेमनं पिक्चर ट्यूब जाते, आई."

ज्या टीव्हीवर चादरी ठेवत होतात, त्याची पिक्चर ट्यूब!

आणि हे वाक्यही त्याचं स्वतःचं नाही. भाऊजींचं आहे. गणेश शाळेत असताना ते हेच सांगून गेम बंद ठेवायचे. ते दुकानात गेले की आक्का उंबऱ्यात गहू निवडत बसायची. आत पोरगा खेळतोय, हिचं लक्ष रस्त्यावर. भाऊजी वळणावर दिसले की ही मोठ्यानं खोकायची.

गणेश, तुला आठवत असेल. नसेल तर मी आठवण करून देते.

आक्कानं मला फोन केला.

"कमे, तसली तार मिळती का बघ की. म्या त्याला काय बोलत न्हाय. नुसती तार आण."

मी म्हणाले, "आत्ता घरात लग्नाचं चाललंय. विषय वाढवू नको. कार्य होऊ दे, मग मी बोलते गणेशशी."

हेडमास्तरांना तोंडावर सुनावणारी बाई म्हणून मला सगळे ओळखतात. भाच्यापुढं मात्र मावशीचा मान सांभाळत बसले.

"बरं," एवढंच म्हणाली.

परत कधी विचारलं नाही.

लग्न झालं. मी बोलले नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांत आक्का गेली. दुपारी आडवी झाली, ती उठलीच नाही.

गेम होता तेव्हा ती दुपारी झोपत नव्हती.

वर्षभर मी मनातल्या मनात गणेशला शिव्या दिल्या. त्या मी परत घेणार नाही. पण खरं लिहायचं तर त्याच्याशी भांडायची गरजच नव्हती. आक्कानं ते मागितलंही नव्हतं.

एक तार आणायची होती.

नळदुर्गच्या स्टँडजवळ जुना टीव्ही दुरुस्तीवाला अजून बसतो. त्याच्या दारात खिळ्याला तसल्या तारांचा झुबका लटकलेला असतो. मी भाजीला जाते ती त्याच्यासमोरूनच. तेव्हाही जात होते.

आक्का, तुला श्रद्धांजली वाहायला मला तोंड नाही.

चुकले गं.

— कमल