दुर्बीण बोलेना तेव्हा

ऑफिसात तिला सगळे सूर्यताई म्हणत. अवकाशातल्या दुर्बिणीने कधी आणि कुठे बघायचं, याचा आराखडा करणं हे तिचं काम. दर बैठकीत तिचा एक प्रश्न ठरलेला, "पण तेव्हा सूर्य कुठे असेल?" चुकून दुर्बिणीचं तोंड सूर्याकडे वळलं, तर आतला कॅमेरा कायमचा आंधळा. तिथे दुरुस्तीला कोण जाणार? तसं कधीच घडलं नव्हतं, तरी ती भीती तिची पाठ सोडत नव्हती.

एका शनिवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात तिचं व्याख्यान होतं. आदल्या दिवशी आकाशात एक तारा अचानक भडकला होता आणि दुर्बीण त्याच्याकडे वळवायला तिने घाईघाईने आराखडा बदलला होता. त्याच शनिवारी दुपारी वळताना दुर्बिणीचं तोंड सूर्याच्या बाजूने जाणार होतं. जवळून नाही, पण नेहमीपेक्षा जवळून. वरिष्ठांनी तपासून होकार दिला होता.

तिला लहानाची मोठी करणारी आत्या आज पहिल्यांदाच तिला ऐकायला आली होती. पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून.

ती बोलायला उभी राहणार, तोच नियंत्रण कक्षातल्या इंजिनिअरचा मेसेज आला. 'ठरल्या वेळी सिग्नल आला नाही. तुझा आराखडा पुन्हा बघतोय.'

 ती बोलत राहिली, चित्रं पुढे सरकवत राहिली, पण डोक्यात आराखड्याची एकेक ओळ फिरत होती. इथे अधिकऐवजी उणे तर पडलं नाही ना? 

शेवटी मागून गळ्यात मोजपट्टी अडकवलेले एक शिंपीकाका उठले. "बाई, तुमची दुर्बीण आत्ता या घडीला काय बघतेय?"

दाराशी उभा असलेला तिच्या ऑफिसचा जनसंपर्क अधिकारी जोरजोरात मान हलवत होता, सांगू नका म्हणून.

"माहीत नाही," ती म्हणाली. "ती आत्ता आमच्याशी बोलत नाहीये. कदाचित माझंच काही चुकलं असेल."



"मग इथे काय करताय?" शिंपीकाका म्हणाले. "जा की तिकडे!"

टॅक्सीत आत्या तिच्या शेजारी बसली.

"आत्या, मीच तिला जाळलं असेल तर?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही गं. पण हात बघ तुझा, बर्फ झालाय नुसता. आण इकडे." कक्षाच्या दारापर्यंत आत्याने तो हात सोडला नाही.

आत सगळे एकाच पडद्याभोवती जमले होते. पडद्यावर सिग्नलच्या जागी एक सपाट रेघ सरकत होती. इंजिनिअरने मान वर केली नाही, आणि तिला वाटलं, संपलं. बऱ्याच वेळाने रेघ किंचित उचलली, पुन्हा उचलली.

"आली!" कुणीतरी ओरडलं.

म्हणजे दुर्बीण जिवंत होती. पण डोळे? आकडे संथपणे उतरू लागले. तिला बघवेना. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"सूर्य पाठीमागे आहे," इंजिनिअर वाचत म्हणाला. "कॅमेरा ठणठणीत. दुर्बिणीला वळवणारं तिच्या आतलं एक चाक अडकलं, म्हणून ती आपणहून थांबली आणि सूर्याकडे पाठ करून बसली. तुझा आराखडा बरोबर होता गं."

ती तिथेच फरशीवर बसली. दाराशी थांबलेली आत्या आत आली आणि तिने हात देऊन तिला उठवलं.

जमिनीवरूनच आज्ञा पाठवून ते चाक सोडवायला आणि दुर्बीण पुन्हा कामाला लागायला काही आठवडे गेले. तोवर तो तारा मंदावून गेला होता. जनसंपर्क अधिकारी बरेच दिवस तिच्याशी तुटक वागला. वाचनालयाने मात्र तिला पुन्हा बोलावलं.

दुरुस्तीनंतरचा पहिला आराखडा तिचाच होता. सगळ्यांनी तपासला, तरी पाठवायच्या बटणावर तिचं बोट नुसतंच टेकून राहिलं.

"दाब गं," इंजिनिअर हळूच म्हणाला.

तिने दाबलं, आणि उत्तर येईपर्यंत टेबलाची कड धरून उभी राहिली.