फ्रँकफर्ट ते लंडन, चाळीस मिनिटं

मुंबईला, सहार विमानतळाच्या दारात बाबांनी आपलं घड्याळ काढून माझ्या हाताला बांधलं. "काटे फिरवू नकोस. आपल्याकडे किती वाजलेत ते कळत राहील. जा आता, जयभीम." बाबा महाडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. कुठली गाडी किती किलोमीटर, किती वेळात, सगळं तोंडपाठ. "माणूस आपल्या शब्दावर घरातून निघतो, वेळ चुकीची सांगायची नाही," हे त्यांचं पालुपद. रडू यायला हवं होतं, पण खरं सांगते, आनंदाने माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

नव्वदीची सुरुवात होती. बहारीनला, मनाम्यात ताईकडे राहून मी एका ट्रॅव्हल एजन्सीत लागले. तीन महिने प्रोबेशन. जमलं तर व्हिसा पक्का, नाहीतर परत महाड. विमानांच्या टाइमटेबलचं ते जाडजूड पुस्तक उघडलं की मी हरखून जायची. रोम, व्हिएन्ना, ॲमस्टरडॅम, सगळी माझ्या बोटाखाली!

तिसऱ्या महिन्यात सूकमधले, म्हणजे तिथल्या बाजारातले, कापडवाले हसनचाचा आले, मूळचे रत्नागिरीचे. दुसऱ्याच दिवशी फ्रँकफर्टमार्गे लंडनला लेकीकडे निघालेले. "पोरी, फ्रँकफर्टपासून लंडन किती टाइम? मला साखरेचं इंजेक्शन असतं, घेतलं की लवकर खावं लागतं, नि विमानातलं मी खात नाही."

पुस्तकात होतं, सुटणार रात्री दहाला, पोचणार दहा चाळीसला. "चाळीस मिनिटं, चाचा. आमचं महाड-पोलादपूर!"

"मग इंजेक्शन विमानात बसताना घेतो. लेक भाकरी घेऊन उभी असेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात बाबांच्या घड्याळात पाहिलं, साडेतीन. सवयीने अडीच तास वजा केले, इथला एक, आणि एकदम लक्षात आलं. लंडनही फ्रँकफर्टच्या एक तास मागे! पुस्तकातल्या वेळा ज्या त्या गावच्या असतात. साडेसहाशे किलोमीटर, म्हणजे लागणार एक तास चाळीस. रोज वजाबाकी करणाऱ्या, एसटीवाल्याच्या लेकीला हे सुचू नये! चूक सांगितली तर प्रोबेशन खलास, गप्प बसले तर उपाशी चाचा विमानात चक्कर येऊन पडणार.

मी मॅनेजरसमोर उभी राहून सगळं सांगितलं. ते ओरडलेच, "यल्ला, जल्दी, टॅक्सी पकडो!"

मुहर्रकच्या विमानतळावर चाचा बॅगा देण्याच्या रांगेत सापडले. "चाचा, फ्रँकफर्ट-लंडन एक तास चाळीस! तिथे आधी खा, मग विमान."

चाचांनी पिशवीतला खजुराचा डबा वाजवून दाखवला. "एवढ्यासाठी धावत आलीस? आता माझ्या घरची सगळी तिकिटं तुझ्याच हातची, इंशाल्ला."

मॅनेजर आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत, पण व्हिसाच्या कागदावर सही केली.

बाबांना सगळं कळवलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं: "फ्रँकफर्ट-लंडन एक तास चाळीस, पाठ केलं. बहारीन-महाड किती?" पहिली रजा मिळाली तेव्हा उत्तर लिहिलं, दिवस आणि तास दोन्ही, आपल्या वेळेने.

एसटी महाड स्टँडात वळली. बाबा फलाटावर उभे राहून सवयीने रिकाम्या मनगटाकडे बघत होते. आज बहारीनमध्ये माझा संसार आहे, पण घर म्हटलं की मला ते मनगट दिसतं. मी उतरले आणि घड्याळाचा हात त्यांच्यापुढे धरला.

"टाइमात," ते म्हणाले, आणि माझी बॅग उचलली.