मानेत डोळा असलेला पक्षी

खिळेबाईंना घाईत पाहिलेला माणूस मिळणं कठीण. चौतीस वर्षं छापखान्यात शिशाचे अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवले, म्हणून तर हे नाव पडलं. घिसाडघाईच्या माणसाचं तिथे कामच नव्हतं. पण त्या एका आठवड्यात बाईंचा जीव असा काही टांगणीला लागला होता, की चहात साखरेऐवजी मीठ पडलं. नवऱ्याने तो मुकाट्याने प्यायला. जन्मभर बस चालवलेला माणूस. खड्डा दिसला की न बोलता बाजूने काढायचा, ही त्याची रीत.

आणि हे सगळं कशापायी? तर एका पत्र्याच्या डब्यापायी!

छापखाना बंद झाला तेव्हा खिळे वजनावर गेले. बाईंच्या डोळ्यांदेखत पोत्यांत भरले आणि वितळवायला नेले. ज्या अक्षरांना चौतीस वर्षं बोटं लावली, ती कोळशासारखी फावड्याने ओढलेली बघायची म्हणजे काय! बाई घरी आल्या आणि चार महिने खिडकीत बसून राहिल्या. नवऱ्याला बघवेना. एक दिवस तो भिंगदादांच्या दुकानातून कागदाची पुडी घेऊन आला. भिंगदादा म्हणजे जुन्या नाण्यांचे व्यापारी. भिंग सदा गळ्यात. पुडीत दहा मळकी, झिजलेली नाणी होती. सातआठशे वर्षांपूर्वीची, पण कुणाची ते कुणालाच माहीत नाही, म्हणून दहाची मिळून किंमत एका वहीएवढी.

"ओळखून दाखव," नवरा म्हणाला. "नाही जमलं तर शर्टाला बटणं म्हणून लाव."

झालं! बाई खिडकीतच राहिल्या, पण आता मान खाली आणि हातात नाणं. पुढे सहा वर्षं हाच उद्योग. भिंगदादांनी सगळं हातचं काही न राखता शिकवलं. नाणं घासायचं नाही. घासलं की मेलं. उजेड वरून नाही, बाजूने पडू द्यायचा, म्हणजे झिजलेली रेघही सावली टाकते. वजन करायचं. पातळ कागद ठेवून वरून हलक्या हाताने पेन्सिल फिरवायची. मग वाचनालयातली जाडजूड पुस्तकं उघडून जुन्या अक्षरांच्या तक्त्याशी ताडून बघायचं. बाईंनी अशी शंभरावर बेवारस नाणी घरच्या घरी नावारूपाला आणली. एकेक नाव लागलं की त्या एवढ्या खूश व्हायच्या, की नवरा म्हणायचा, "बारसं झालं वाटतं आणखी एकाचं!"

आणि आता भिंगदादांचे गुडघे गेले. दुकान बंद करायचं ठरलं. नाव लागलेला सगळा माल परगावचा एक व्यापारी घेणार होता. उरला तो डबा. त्यात एका जातीची दोनशेवर नाणी. प्रत्येकावर एक पक्षी आणि कडेने अक्षरं. अक्षरं बहुतेक झिजून गेलेली. आजवर कुणालाही लागली नव्हती.

"एकाचं नाव लागलं तर सगळ्या डब्याचं लागेल, ताई," भिंगदादा म्हणाले. "नाही तर सोमवारी भट्टीवाला येतोय, वितळवायला न्यायला. त्याला शब्द दिलाय मी."

"मला द्या, दादा. मी ठेवते घरी."

"आणि तुझ्यामागे? पुन्हा भट्टीच ना? नाव नसलेलं नाणं म्हणजे नुसता धातू. नाव लाव, मग ती कुठेही गेली तरी जगतील."

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. बाईंनी त्यातलं एकच नाणं घरी आणलं. त्याच्यावरची अक्षरं अजून शाबूत होती. पक्षी मात्र बघण्यासारखा! डोळा डोक्यात असायचा तो खाली मानेत. कोरणाऱ्याचा हात बसला नव्हता, दुसरं काय.

मंगळवार गेला, बुधवार गेला. अक्षरं स्पष्ट दिसत होती, पण तक्त्यातल्या एकाशी जुळतील तर शपथ. बाईंनी तीन पुस्तकं पालथी घातली. शनिवारपर्यंत नाकी नऊ आले. "तो पक्षी बघून बघून माझाही डोळा मानेत उतरायला लागलाय," नवरा म्हणाला. बाई हसल्या नाहीत. त्यांना ती पोती दिसत होती.

रविवारी दुपारी त्यांनी हात टेकले. भिंग बाजूला ठेवलं आणि खिडकीतल्या उन्हात नाणं नुसतंच डाव्या हातात धरून बसल्या. अंगठा कडेला, बाकीची बोटं खाली. खिळ्यांची ओळ धरायची ती जुनी सवय. नकळत नाणं फिरलं. पक्ष्याचे पाय वर झाले. आणि ध्यानीमनी नसताना डोळे आपले आपणच डावीकडून उजवीकडे धावायला लागले. एक अक्षर. दुसरं. तिसरं. चौथ्याला बाई ताठ बसल्या.

खिळे जुळवणारा असंच वाचतो. खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं आणि ओळ डोक्यावर उभी. छापली की सरळ होते. नाण्याचंही तसंच. ज्या ठशाने नाणं पाडतात त्यात अक्षरं उलटी कोरायची, म्हणजे नाण्यावर ती सुलटी उठतात. या पठ्ठ्याने ठशातच सरळ कोरून ठेवली होती!

ही चूक बाईंना घरच्यासारखी माहीत होती. सोळा वर्षांच्या असताना, कामावरच्या तिसऱ्याच आठवड्यात, चपलांच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी लाकडी ठोकळ्यावर मोठी अक्षरं कोरायला मिळाली. त्यांनी जीव ओतून कोरली, आणि सरळ कोरली. शंभर कागद उलटे छापून निघाले. मालक कडाडला, "आत्ताच्या आत्ता घरी पाठवा हिला!" ज्यांना सगळा छापखाना टरकून असायचा, ते उस्ताद कागद हातात घेऊन म्हणाले, "चूक जी पोरगी इतक्या सफाईने करते, ती काम किती सफाईने करेल! राहू दे." आणि त्यांनी बाईंच्या हातात दुसरा ठोकळा ठेवला. एवढंच. त्या ठोकळ्यावर चौतीस वर्षं निभली, घर उभं राहिलं. आभार मानायचे राहूनच गेले. उस्तादांपुढे तोंड उघडायची छाती कुणाची होती? मग एक दिवस उस्तादच गेले.

बाईंनी पातळ कागदावर पेन्सिलीने छाप घेतला आणि नवऱ्याला ओढतच दुकानात नेलं. भिंगदादांनी कागद उलटा करून खिडकीच्या काचेला लावला. पलीकडून ऊन आलं आणि अक्षरं सरळ झाली. दादांनी पुस्तक उघडलं. कुणी एक छोटा राजा, नऊच वर्षं टिकलेला. तुम्हाआम्हाला कशाला ठाऊक असणार?

"काखेत कळसा!" दादांनी कपाळावर हात मारला. "तीस वर्षं मी हा डबा उशाशी घेऊन बसलो होतो!" त्यांनी तिथल्या तिथे भट्टीवाल्याला फोन लावला आणि येऊ नकोस म्हणून सांगितलं. मग डबा बाईंपुढे सरकवला. "घे. आता बाकीच्यांनाही नावं घाल."

सोमवारी सकाळपासून बाई नाणी लावत बसल्या. नाव माहीत झाल्यावर अर्ध्यामुर्ध्या अक्षरांवरूनही पटत होतं. कुठे पहिलं अक्षर, कुठे शेवटचं, आणि सगळी सुलटी. पक्ष्यांचे डोळेही जिथल्या तिथे, डोक्यात. नवरा कागदाची पाकिटं करून देत होता. डबा तळाला आला तेव्हा एक नाणं हातात आलं आणि बाई थांबल्या.

पक्ष्याचा डोळा मानेत होता.

तोच हात! त्यांनी घाईघाईने, होय, घाईघाईने, नाणं उजेडात तिरकं धरलं. कडेला पाच अक्षरं शिल्लक होती. पाचही सुलटी. पक्ष्याचा डोळा काही त्याला शेवटपर्यंत जमला नव्हता, पण अक्षरं शिकला होता.

"अहो," बाई म्हणाल्या. "अहो, त्याला काढलं नाही हो."

"कुणाला?"

"या पोराला. दुसरा ठसा दिला कुणीतरी त्याच्या हातात."

नवऱ्याला ठोकळ्याची गोष्ट तोंडपाठ होती. त्याने पुढचं पाकीट दुमडायला घेतलं. बाईंनी दोन्ही नाणी एका तळहातावर शेजारी शेजारी ठेवली, डोळ्यांना पदर लावला आणि चाळीस वर्षं घशात अडकलेलं वाक्य एकदाचं मोठ्याने म्हणून टाकलं.

"उस्ताद, तुमचे फार उपकार झाले."