पहिल्या प्रतीची पर्स

ती पर्स अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, कर्नाटकाच्या सीमेपलीकडून आलेली चोरीची जनावरं पकडली. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. पण बदामी रंगाची, सोनेरी कडीची ती रिकामी पर्स आणि तिच्यापायी दुभंगायला आलेलं घर मला जसंच्या तसं आठवतं.

तेव्हा मी उमरगा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी झाली, रात्रपाळीनं चार्ज दिला आणि मी टपाल बघत बसलो होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढं एक तरुण बाई येऊन उभी राहिली. आमचे हवालदार जुने, हात बसलेला माणूस. त्यांनी मान वर न करताच विचारलं,

"काय गेलं?"

"पर्स."

"कुठल्या गाडीत? लातूरच्या का उमरग्याच्या?"

"गाडीत न्हाय."

"बरं. आत काय काय होतं?"

"काय नव्हतं. रिकामीच होती."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "ताई, रिकामी पर्स चोरणारा चोर आपल्या हद्दीत तरी न्हाय."

"चोरीला न्हाय गेली हो. हितंच हाय." तिनं कापडी पिशवीतून ती पर्स काढून टेबलावर ठेवली. "खोटी हाय ही."

मी तिला आत बोलावलं. आमच्या महिला अंमलदारांना शेजारी बसवलं. ती मुरुम गावातल्या एका व्यापारी घरातली सून. सासऱ्यांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत दुकान. नवरा सोबत आला होता, पण बाहेर मोटारसायकलजवळच थांबला. ठाण्यात येणारे नवरे दोन प्रकारचे असतात. एक बायकोला बोलू देत नाहीत आणि दुसरे स्वतः बोलायची वेळ येऊ देत नाहीत. हा दुसरा होता.

हकीगत अशी. नणंद पुण्यात नोकरीला. तिनं नवीन घर घेतलं, वास्तुशांती ठरली. एका परदेशी कंपनीची अशी पर्स आपल्याकडं असावी, असं ती कधीतरी बोलली होती. या सुनेनं ते लक्षात ठेवलं. घरात बसून ब्लाऊज शिवायची, त्यातून साठवलेलं होतं. नवी पर्स आवाक्याबाहेर, म्हणून तिनं मोबाईलवर वापरलेल्या पर्स विकणारं एक पेज शोधलं. पर्स मागवली, नणंदेला दिली. वास्तुशांतीला आलेल्या एका मैत्रिणीनं शिवण उलटून बघितली आणि पाहुण्यांच्या देखत म्हणाली, "अगं, ही तर कॉपी आहे."

नणंदेनं मग वहिनीकडून विक्रेत्याशी झालेल्या संवादाचे फोटो मागवून घेतले. त्यात विक्रेत्यानं इंग्रजीत लिहिलं होतं, ‘फर्स्ट कॉपी’.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए. केलं तेही मराठी घेऊन, त्यामुळं शब्दापाशी थांबायची खोड मला आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणजे हुबेहूब उतरवलेली नक्कल. शहरातल्या कॉलेजच्या पोरींना हे पाठ असतं. नणंदेलाही होतं. म्हणून तिनं एकच निष्कर्ष काढला, की वहिनीला सगळं कळत होतं आणि तिनं जाणूनबुजून नकली वस्तू गळ्यात मारली. पर्स परत पाठवली आणि वहिनीशी बोलणं बंद केलं.

"पैसे गेले तर जाऊ द्या साहेब," सून म्हणाली. "मी खोटी वस्तू मुद्दाम दिली न्हाय, तेवढं खरं करून द्या. आमी फर्स्ट कॉपी म्हणजे पहिल्या प्रतीची समजलो."

मला तिचं बोलणं लगेच पटलं. कॉपी म्हणजे प्रत. आणि आमच्या भागात तूर असो, हरभरा असो, माल प्रतीनंच ओळखला जातो. पहिल्या प्रतीचा म्हटलं की खडा नाही, डंख नाही, असा निवडक माल. मोंढ्याच्या घरात त्या शब्दाचा दुसरा अर्थ कुणाच्या डोक्यात येणार? फक्त एक गोष्ट मी मनात टिपून ठेवली. ती ‘मी समजले’ म्हणाली नाही, ‘आमी समजलो’ म्हणाली.

तिचा फोन बघितला. विक्रेत्याच्या त्या शब्दानंतर तिनं आवाजात निरोप पाठवला होता; नणंदेकडं गेलेल्या फोटोत तो ऐकू येणार नव्हता. "दादा, फर्स्ट कॉपी म्हणजे पहिल्या प्रतीचीच ना? कंपनीचीच ना?" त्याखाली विक्रेत्याचं उत्तर होतं, पण ते पुसलेलं. संदेश काढून टाकला आहे, एवढीच ओळ शिल्लक. पैसे पोचले त्याच संध्याकाळी ते उत्तर गायब झालं, असं तिनं सांगितलं.

"काय उत्तर दिलं होतं त्यानं?"

"बोलूनच पाठवलं होतं. हो ताई, एकदम पहिल्या प्रतीची, कंपनीचीच म्हणून."

"तुमच्याशिवाय कुणी ऐकलं?"

ती पर्सच्या कडीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "फोन मोठ्या आवाजात होता. सासूबाई होत्या तिथं."

"मग त्यांचा जबाब घेऊ."

"नको साहेब. त्यांना ह्यात घेऊ नका. त्यांना काय माहीत न्हाय."

नुकतंच होत्या म्हणाली, आता माहीत नाही म्हणते. तक्रारदार स्वतःच्याच साक्षीदाराला झाकतो, तेव्हा पोलिसानं लगेच कपडा ओढू नये. मी गुन्हा नोंदवला, पर्स पंचांसमक्ष जप्त केली आणि विक्रेत्याच्या मागं लागलो.

पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट निघाला. ते पेजही बंद झालं होतं. काही दिवसांनी आमच्या महिला अंमलदारच खबर घेऊन आल्या. "सर, तो नाव बदलून परत चालू झालाय. बदामी पर्सचा फोटो तोच, मागची खिडकी पण तीच." तिथून आणि बँकेच्या खात्यावरून माणूस सापडला. पुण्याच्या बाजूचा, तिशीतला. कलम असं होतं की उठून लगेच अटक करता येत नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. तो वकील घेऊन हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणं.

"साहेब, यात फसवणूक कुठं आहे? फर्स्ट कॉपी असं स्वच्छ लिहून दिलंय मी. बाईंना माहीत होतं. पाहुण्यांत पितळ उघडं पडलं म्हणून माझ्यावर ढकलतायत."

"तुमच्या पेजवर ‘प्री-लव्ड’ लिहिलंय. म्हणजे काय?"

"वापरलेली, सर. आधी कुणीतरी प्रेमानं वापरलेली."

"म्हणजे जुन्या वस्तूला सासर-माहेर दोन्ही असतं म्हणायचं. मग ही आधी कुणी वापरली होती?"

तो हसला. "ती बोलायची पद्धत असते, सर."

"नवी कोरी नक्कल विकायची, तर ती कुणीतरी वापरलेली आहे असं कशाला सांगायचं? स्वस्त का, असं गिऱ्हाइकानं विचारू नये म्हणूनच ना?"

त्यानं वकिलाकडं बघितलं. मी फोनमधली ती पुसलेली ओळ त्याच्यापुढं धरली. "बाईनं सरळ विचारलं, कंपनीचीच ना. तू उत्तर दिलंस आणि पुसलंस. नक्कल आहे असं सांगितलं असतंस, तर हाच तुझा सगळ्यात मोठा पुरावा होता. माणूस स्वतःचा पुरावा पुसतो का?"

"चुकून डिलीट झालं, सर."

"काय बोलला होतास?"

"आठवत नाही. कॉपी आहे असंच सांगितलं असणार." मग मान जराशी वर करून म्हणाला, "बाईंशिवाय कुणी ऐकलंय का?"

आरोपी कुठल्या फळीवर उभा आहे, हे बहुतेक वेळा तोच सांगतो. ही फळी काढायची, तर मुरुमला जाणं भाग होतं.

स्त्री साक्षीदाराला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा असतो. मी महिला अंमलदारांना घेऊन गेलो. सासूबाई पुढच्या खोलीत हरभरा निवडत बसल्या होत्या. कपाळावर विभूती, गळ्यात इष्टलिंग. सुनेनं पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"मावशी, पर्स मागवली तेव्हा तुम्ही घरात होता?"

"घरात न्हाय तर कुठं जाणार?"

"त्या माणसाचं बोलणं ऐकलं?"

दारातून सून म्हणाली, "साहेब, मी सांगितलं होतं ना, त्यांना काय माहीत न्हाय."

"तू गप," सासूबाई म्हणाल्या. सूप बाजूला सारलं. थोडा वेळ हातावरचा भुसा झाडत राहिल्या. "लिवा साहेब. हिनं मला इंग्रजी वाचून दाखवलं. म्हणली, आत्या, ह्यात कॉपी लिवलंय, मला बरं वाटंना, राहू द्या. म्याच म्हणले, कॉपी म्हणजे काय गं? ही म्हणली, शाळंत प्रत म्हणायचे. मग म्या म्हणले, पहिली प्रत म्हणजे चांगलाच माल की. जन्म गेला माझा मोंढ्याच्या घरात, मला प्रत शिकवतीस व्हय? घे म्हणले. तरी हिला पटंना, म्हणून त्याला इचारून घेतलं. तो म्हणला, व्हय ताई, पहिल्या प्रतीचीच, कंपनीचीच, एका मॅडमनं दोनदाच हातात धरलीय. म्या ह्या कानांनी ऐकलं."

सून कशाला झाकत होती, ते आता कळलं. चूक तिची नव्हतीच. अर्थ सासूनं लावला होता.

"मग लेकीचा फोन आला तेव्हा का बोलला नाहीत?"

"लेक शिकलेली, पुण्याची. पाहुण्यांत तिचं नाक कापलं गेलेलं. तिला काय सांगू, तुझ्या आईला कॉपी कळली न्हाय म्हणून?" त्यांनी दाराकडं बघितलं. "हिनं तरी सांगायचं. हिनं बी तोंड उघडलं न्हाय."

सून हळू आवाजात म्हणाली, "तुमी सांगितलं न्हाय, मी कसं सांगू?"

महिला अंमलदारांनी लिहिलेला जबाब वाचून दाखवला. सासूबाईंनी पदराला हात पुसले. "सही कुठं करू? मला सही येतीय."

"सही लागत नाही मावशी. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत."

"सही न्हाय? मग माझा शब्द कोण धरणार?"

"कोर्टात उभं राहून सांगावं लागेल."

"ते सांगीन तवा सांगीन." त्या सुनेकडं वळल्या. "फोन लाव तिला. मोठ्या आवाजात लाव."

सुनेनं लावला. पलीकडून लेक म्हणाली, "बोल गं अव्वा, मी ऑफिसात आहे."

"असू दे. ती पर्स तुझ्या वैनीला नको होती. म्या घे म्हणले. कॉपीचा अर्थ मला कळला न्हाय. तो माणूस कंपनीची म्हणला, ते म्या ऐकलंय. पोलीस बसलेत समोर, त्यांना बी सांगितलं."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"आता सांगते की."

"वैनी आहे का तिथं?"

सासूबाईंनी फोन सुनेच्या हातात दिला. ती आवाज बारीक करून आत गेली. आम्ही चहा घेऊन निघालो. गाडीत महिला अंमलदार फक्त एवढंच म्हणाल्या, "सर, हा जबाब आपल्यापुढं झाला म्हणायचा का लेकीपुढं?"

सासूबाईंचा जबाब समोर ठेवल्यावर विक्रेत्याचं उसनं अवसान गळालं. लिहिताना ‘फर्स्ट कॉपी’, विचारलं की तोंडानं ‘कंपनीची’, आणि पैसे आले की आवाज पुसायचा. ही त्याची ठरलेली रीत होती, हे त्यानं कबूल केलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. पण त्याचा फोन जप्त झाला, त्यातून आणखी गिऱ्हाइकं सापडली आणि त्यांनीही तेच सांगितलं. दोषारोपपत्र गेलं. वकिलामार्फत तडजोडीचा निरोप आला, तेव्हा सून म्हणाली, "पैसे देऊ दे न देऊ दे, मला कंपनीची म्हणून सांगितलं होतं एवढं त्यानं कोर्टात म्हणावं."

वापरलेली महागडी वस्तू घेण्यात गैर काही नाही. हौस सगळ्यांना असते आणि ती फक्त शहरातल्यांनीच करावी असं कुठं लिहिलेलं नाही. घेताना मूळ खरेदीचं बिल मागावं. व्हिडिओ कॉलवर शिवण, कडी, आतलं अस्तर दाखवायला लावावं, आणि आढेवेढे घेणाऱ्याला तिथंच सोडावं. परत घेण्याची अट आधी ठरवावी, पार्सल उघडताना चित्रण करावं. आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ घरात नव्हे, विकणाऱ्याला विचारावा, तोही लिहून घ्यावा, आणि त्या उत्तराचा फोटो लगेच काढून ठेवावा. फसलातच तर लाजेपायी दिवस घालवू नका, लगेच ठाण्यात या.

हे सगळं मी तेव्हाही लोकांना सांगत होतो. त्या प्रकरणानं मला शिकवलं ते वेगळं. फसवणुकीच्या तक्रारीत आम्ही मालमत्तेचं वर्णन लिहितो, किंमत लिहितो. फसलेल्या माणसाला घरी गेल्यावर जे ऐकून घ्यावं लागतं, त्याला कलम नाही आणि त्यासाठी रकानाही नाही. पुष्कळ बायका तक्रारच देत नाहीत, त्याचं कारण तिथं असतं. म्हणून नंतरच्या नोकरीत असं कुणी समोर आलं, की काय गेलं आणि कितीला गेलं याच्या आधी मी विचारायचो, "घरी काय म्हणतायत?" मग समोरचा माणूस खुर्ची पुढं ओढून घ्यायचा, आणि तिथून खरी तक्रार सुरू व्हायची.