साक्षीला मामा

मयताच्या घरी माझ्या मामाइतक्या उत्साहाने जाणारा माणूस उभ्या जबलपुरात दुसरा झाला नाही. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, फॅक्टरीच्या ऑफिसात जन्मभर कारकुनी करून निवृत्त झालेला आणि लग्नाच्या भानगडीत न पडलेला. कुणी गेल्याचा फोन आला की त्याचे डोळे खरोखर भरून यायचे, आणि ते भरलेले असतानाच त्याचा हात खुंटीवरच्या पिशवीकडे जायचा. त्या पिशवीत अंगठा उठवायची शाईची डबी, गोंदाची बाटली, टाचण्या आणि मामाचे स्वतःचे पासपोर्ट फोटो असत, कारण साक्षीदाराचा फोटो कधी लागेल ते सांगता येत नाही. टाचणीच, स्टेपलर नाही. स्टेपल केलेले कागद म्हणजे जबरदस्तीने लावलेलं लग्न, सोडवायला गेलं की फाटणारच, असं त्याचं मत होतं. शहरातल्या कुठल्याही मराठी घरात कुणाचं खातं बंद करायचं असो, पेन्शन लावायची असो, लॉकर उघडायचं असो, की वारस दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालायचे असोत, मामा हजर. मोबदला विचारला तर म्हणायचा, फक्त चहा. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून आत शिरण्यापूर्वीच शेजारणीला सांगून ठेवायचा.

गेलेला माणूस कसा होता, हे मामा एकाच गोष्टीवरून ठरवायचा. नॉमिनी भरला होता की नाही. गोहलपुरातले एक गृहस्थ दारूपायी संसाराची धूळधाण करून गेले, तेव्हा सगळे नाक मुरडत होते. मामा मात्र त्यांची पासबुकं चाळता चाळता गहिवरला आणि म्हणाला, देवमाणूस होता, एक रकाना रिकामा ठेवला नाही. उलट रोज पहाटे नर्मदेत डुबकी मारणारे, कपाळभर गंध लावणारे एक सत्शील गृहस्थ नॉमिनी न भरता वारले, तर त्यांना नरकात कुठल्या बाजूची खोली मिळाली असेल याची मामाने आमच्या ओट्यावर बसून सविस्तर चर्चा केली. लग्नकार्यातही त्याचा हाच बाणा. अक्षता पडल्या की आहेराचं पाकीट घेऊन स्टेजवर चढायचा आणि नवरदेवाच्या कानाशी लागून सांगायचा, आता आईचं नाव काढ आणि हिचं घाल. कमानिया गेटजवळच्या एका लग्नात ते वरमाईच्या कानावर गेलं. त्या बाई जेवल्या नाहीत, आणि मामा त्यांच्या समोरच्याच पंगतीत बसून जिलेबी मागून घेत होता.

एकदा एका दूरच्या काकांच्या अस्थी विसर्जनासाठी आम्ही नर्मदेच्या तिलवारा घाटावर गेलो होतो. त्यांचा मुलगा गुडघाभर पाण्यात कलश धरून उभा, गुरुजींचे मंत्र चाललेले, आणि मामा पँट दुमडून त्याच्या मागोमाग पाण्यात. दोन मंत्रांच्या मधल्या जागेत त्याने हळूच विचारलं, "बाळ, लॉकरची किल्ली कुठं ठेवत होते रे ते?" गुरुजी थांबले. आता हे मामाला नर्मदेत लोटणार, अशी माझी खात्री झाली. पण गुरुजी अदबीने म्हणाले की त्यांच्याही वडिलांचं एक खातं कधीचं अडकून पडलंय, मोकळे झालात की जरा बघाल का. काठावर येईपर्यंत मामाच्या हाती नवं प्रकरण आलेलं होतं आणि ओल्या पँटसकट तो फार प्रसन्न दिसत होता.

अशा या पंडिताने जन्मात एकच चूक केली, पण ती दोनदा केली. ती कळायला आईच्या लग्नापर्यंत मागे जावं लागेल. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. आई माहेरची कुसुम. आजीने निवडलेलं नवं नाव वैजयंती. एवढं भारदस्त नाव हाकेला कुणाच्या तोंडी बसेना. आजी सूनबाई म्हणायची, बाबा नुसतं 'अगं', शेजारपाजारचे भाभीजी आणि आम्ही आई. वैजयंती राहिली फक्त आधार कार्डावर, आणि कुसुम राहिली फक्त मामाच्या तोंडी. जिन्यातूनच तो आरोळी ठोकायचा, "कुसुम, चहा टाक." आम्ही घसा कोरडा केला तरी जिला ऐकू जायचं नाही, ती आई त्याच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची.

बाबा गेले तेव्हा आईची फॅमिली पेन्शन लावायला मामा, आई आणि मी ऑफिसात गेलो. बाबाही मामाच्याच फॅक्टरीतले. घर त्यांच्या पेन्शनीवर चाललेलं, त्यामुळे ही लागली नाही तर आईचं कसं व्हायचं, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला होता. मामाच्या पोटात नुकतीच खाल्लेली कचोरी होती. तरुण क्लार्कने जुनी फाइल काढली, आईचं आधार कार्ड पाहिलं, पुन्हा फाइल पाहिली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मामाजी, बुरा मत मानिए. सर्विस बुक में पत्नी का नाम कुसुम है, ये तो वैजयंती जी हैं. पहलीवाली कहाँ हैं?"

आमचे बाबा म्हणजे बसमध्ये शेजारी बाई येऊन बसली तर उरलेला प्रवास उभ्याने करणारे. त्यांना मेल्यावर दुसरी बायको मिळाली होती. मामा भडकला. कुठल्या गाढवाने हे नाव घातलं, त्याला माझ्यापुढे उभं करा, असं म्हणत त्याने फाइल ओढली, चष्मा चढवला आणि लगेच काढून पुसायला लागला. नव्या मेहुण्याचा तो फॉर्म त्यानेच भरला होता. अक्षर त्याचंच होतं. "लिहिताना हात तिकडंच गेला," एवढंच तो पुटपुटला. आणि बाबा गेल्यापासून जी धड चार शब्द बोलली नव्हती, ती आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "एकीची भाजी आणायला विसरत होते," ती म्हणाली, "दुसरीला काय आणून देणार होते?" हसता हसता तिला रडू फुटलं. मामाने तिच्या पाठीवर हात ठेवला. "काहून रडून राहिली कुसुम? मी आहे नं."

मग मामाने जे केलं ते त्या ऑफिसात अजून सांगतात. क्लार्कला काही केल्या पटेना की लग्नात बाईचं नाव बदलतं. आडनाव बदलतं हे त्याला मान्य होतं, पण अख्खी बाईच बदलते हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. मामा तडक समोरच्या किराणा दुकानात गेला, मूठभर तांदूळ घेऊन आला, क्लार्कच्याच डब्याच्या झाकणात पसरले आणि बोटातली अंगठी काढून त्यात वैजयंती लिहायला लागला. झाकण लहान, नाव मोठं. शेवटची अक्षरं टेबलावर सांडली. शेजारच्या खोल्यांतली माणसं कामं सोडून जमा झाली. एका बाईंनी तर उत्साहाने पुढे काय होतं ते विचारलं, तेव्हा मामाने सांगितलं की पुढे कानपिळी असते, नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. "आमच्या कुसुमला धाकटा भाऊ नाही, म्हणून तो मान मला मिळाला," तो म्हणाला. आणि नुसतं सांगून कळणार नाही म्हणून त्याने क्लार्कचा कान धरून दाखवला. जरा जोरातच धरला असावा. "समझ गया मामाजी, समझ गया," असं म्हणत त्या बिचाऱ्याने कान सोडवून घेतला आणि शपथपत्र आणायला सांगितलं. कुसुम आणि वैजयंती या दोघी नसून एकच बाई आहे, असं ते शपथपत्र. त्यावर दोन्ही नावांनी ओळखणारा साक्षीदार म्हणून मामाने सही ठोकली आणि पिशवीतला फोटो गोंदाने चिकटवला. त्या फोटोंचं सार्थक झालं आणि आईची पेन्शनही सुरू झाली.

मामाने स्वतःच्या मरणाचीही जय्यत तयारी ठेवली होती. दर दिवाळीला फराळ झाला की तो आपलं मृत्युपत्र आम्हाला वाचून दाखवायचा. त्यातला तांब्याचा बंब माझ्या नावे होता, पण एका वर्षी मी त्याच्या चिवड्याला तिखट कमी म्हटलं, तर बंब पुढच्या दिवाळीपर्यंत काढून घेतला. गेल्या हिवाळ्यात दुपारी जेवून तो आडवा झाला आणि उठला नाही. त्याच्या घरी कागद शोधावे लागलेच नाहीत. सगळे टाचणी लावून, ओळीने, कपाटाच्या पहिल्या खणात. बंबही मला परत मिळाला होता. आयुष्यात पहिल्यांदा मयताच्या घरी मामा नव्हता, आणि चहा सांगायचं कुणाला सुचलं नाही.

बँकेत आई आणि मी गेलो. मामाचं निम्मं आयुष्य तिथल्या बाकावर गेलेलं, त्यामुळे शिपायापासून सगळे हळहळले. मामाने नॉमिनी भरला होता हे सांगायला नकोच. पण काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर नाव पाहिलं, आईच्या आधार कार्डावर पाहिलं, आणि तिचा चेहरा अवघडला. नॉमिनी म्हणून मामाने बहीण लिहिली होती, कुसुम, माहेरच्या आडनावासकट. वरमाया उपाशी ठेवून ज्याने उभ्या शहराचे रकाने तपासले, त्याचा स्वतःचा हात पुन्हा तिकडंच गेला होता. मला त्याचा असा राग आला, की समोर असता तर त्याचाच कान पिळला असता. मुलीने नरमाईने विचारलं, "आंटी जी, कोई है जो आपको दोनों नामों से जानता हो?"

"होता," आई मराठीतच म्हणाली. "त्याचंच तर खातं बंद करायला आलो."

मी पेन्शनच्या वेळच्या शपथपत्राची दुसरी मूळ प्रत पर्समध्ये घेऊन आले होते, मामाच्याच शिकवणीने. जुना कागद घरी ठेवायचा नाही, बरोबर ठेवायचा. त्यावर मामाची सही होती आणि गोंदाने चिकटवलेला मामा टक लावून बघत होता. मुलगी तो कागद घेऊन आत साहेबांकडे गेली. आम्ही त्याच्या बाकावर बसून राहिलो. आईचे गुडघे धरलेले, खुर्चीवरून उठायलाही तिला माझा हात लागतो. थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली, काम झालं असावं, कारण हसत होती. तिने कागदावरचं नाव वाचून हाक मारली, "कुसुम जी."

आई माझा हात न धरता उठली, आणि काउंटरकडे वळण्याआधी तिने दाराकडे पाहिलं.