गाववाला गाईड

फोन वाजला की तो उभा राहायचा. मग तो डबा खात असो की वर्गावर असो. "सरायचा हाये," एवढं म्हणून उष्ट्या हातानंच व्हरांड्यात पळायचा. सर म्हणजे त्याचे पीएचडीचे गाईड.

वाशिमच्या आमच्या कॉलेजात तो तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायचा, मी रसायनशास्त्र. गाव कामरगाव, संशोधनाचा विषय तळ्यातल्या गोगलगाई. गुडघाभर चिखलात उतरून त्या वेचायचा आणि आल्यावर आमची त्यांच्याशी ओळख करून द्यायचा. "पाहा न सर, कशी लाजून राह्यली!" आम्ही हसायचो, तोही हसायचा.

गाईड निवडताना त्याच्यापुढे दोन नावं होती. एक बाई, परजिल्ह्यातल्या, कडक. त्यांनी बजावलं होतं, "हो म्हणण्याआधी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटून या." दुसरे हे सर, कामरगावचेच. आपल्याकडे काय चालतं ते तुम्हीही पाहिलं असेल. सोयरीक जमवताना दहा ठिकाणी चौकशी करतो, पण गाईड गावचा निघाला की विषयच संपतो. मी म्हटलं, "अरे, यांच्या हाताखाली आजवर कोणाची पीएचडी झाली, ते तरी विचार."

"कायले विचारू? ते अन् माहे बाबा शाळेत एका बाकावर बसत होते."

मग सरांचं घर बांधायला निघालं, स्लॅबवर पाणी मारायला हा. सोयाबीन निघालं, मळणीयंत्रापाशी हा. सरांच्या मुलीच्या लग्नपत्रिका वाटायला हाच, तोही माझ्या गाडीवर. प्रबंध मात्र लिहून झालेला, सरांच्या कपाटात पडून. त्यांच्या सहीशिवाय तो विद्यापीठात जमा होईना. "वाचतो," म्हणायचे. मुदतवाढ मिळाली, तीही संपत आली. मला भयंकर संताप यायचा. सरांचा तर यायचाच, पण खरं सांगतो, ह्याचाही यायचा.

"गाईड बदल! आजच्या आज अर्ज कर!" मी ओरडायचो.

"मंग गावात तोंड कसं दाखवू, सर?"

सर निवृत्त झाले, त्याच महिन्यात ह्याची नोंदणी रद्द झाली. सही शेवटपर्यंत झालीच नाही. आणि निरोप समारंभात तेच सर माइकवर म्हणतात, "असा विद्यार्थी नशिबानं मिळतो. पोटच्या पोरासारखा राबला." टाळ्या पडल्या. हा मांडवाच्या कडेला, हातात भाजीची बादली, डोळे भरलेले.

माझं डोकं फिरलं. उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मग याची पीएचडी कुठं आहे, सर?"

सर पाण्याचा ग्लास शोधायला लागले. तेवढ्यात कोणीतरी माझी बाही ओढली. हाच होता.

"बसा न, सर. त्याईचा दिवस हाये आज."

"अन् तुझा कधी रे?"

त्यानं बादली या हातातून त्या हातात घेतली. "पंगत खोळंबून राह्यली," म्हणाला आणि वाढायला गेला. त्यानंतर तो कॉलेजात आला नाही.